नागिणीवर पडलेली सावली

मी वैद्य नाही. भाईंदरच्या मराठी शाळेत मास्तर आहे. माझ्या घरात नागीण दोनदा निघाली आणि कांजिण्या एकदा. त्या त्या वेळी अंगावर काय दिसले, आम्ही ते काय समजलो आणि खरे काय होते, एवढे लिहून ठेवावे असे फार दिवस मनात होते. लिहिणे सावकाश चालले आहे. काही ओळींपाशी मी दौत झाकून उठतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. ज्यांच्या घरात आज कोणाच्या अंगावर फोड आले असतील त्यांनी माझे दुःख बाजूला ठेवावे आणि खुणा तेवढ्या वाचाव्यात.

खारे पाणी

लढाईची वर्षे होती. रॉकेल आणि कापड मिळेनासे झाले होते, पण मिठागरे चालू होती. आमच्या घरातले पुरुष आजोबा-पणजोबांपासून मिठागरावर राबत आले. शाळेत टिकलो तो मी एकटा. सुट्टीच्या दिवशी थोरल्या भावाला, दादाला, हातभार लावायला मीही मिठाच्या वाफ्यांत उतरत असे.

त्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या डाव्या कुशीला, बरगडीच्या खाली, आग व्हायला लागली. चटका बसल्यासारखी आग आणि मधूनच आत सुई खुपसल्यासारखी कळ. सदरा घासला तरी जीव कळवळायचा. कातडीवर मात्र काहीच नव्हते. दादाने सदरा वर करून पाहिले आणि हसला.

"खारं लागलंय. मास्तरांची कातडी कागदाची, दुसरं काय."

आमच्याकडे अंगाची आग म्हटली की पहिला संशय खाऱ्या पाण्यावर जातो. मिठागरावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे पाय फुटतात, मांड्या सोलवटतात. त्याचे कोणाला काही वाटत नाही. गोड्या पाण्याने धुवायचे, खोबरेल लावायचे आणि पुन्हा उतरायचे. मीही तेच केले.

पहिली खूण इथेच लिहून ठेवतो. नागीण दिसण्याआधी दुखते. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी जागा जळत असेल, शिवू देत नसेल आणि वर काही दिसत नसेल, तर चार दिवस त्या जागेवर लक्ष ठेवावे.

मग तो पट्टा लाल झाला. अंघोळीच्या वेळी माझ्या पाठीवर पाणी घालताना माझी बायको अनसूया थबकली.

"अहो, इथे शितं चिकटल्यासारखं काय आलंय?" तिने विचारले आणि बोट लावून पाहिले.

तांबड्या कातडीवर पाण्याने भरलेले बारीक फोड होते, एकमेकांना खेटून, घोसाघोसाने. कण्यापाशी सुरू होऊन बरगडीच्या कडेने ते पोटाकडे वळले होते. कण्याच्या उजव्या बाजूला एकही फोड नव्हता. ही दुसरी खूण. नागीण अंगाची एकच बाजू धरते आणि मधली रेघ सहसा ओलांडत नाही.

आत्या

आई आम्हा भावांना लहान टाकून गेली. आम्हाला वाढवले ते बापाच्या बहिणीने, आत्याने. ती फार लवकर विधवा झाली आणि भावाच्या घरी परत आली. गावात कोणाला नागीण निघाली की आत्याला बोलावणे यायचे.

तिने माझी पाठ उजेडाकडे वळवून पाहिली आणि दादाला म्हणाली, "खारं न्हाय न काय न्हाय. ही नागीन हाय."

तिच्या लेखी नागिणीची शेपूट कण्यापाशी आणि तोंड पोटाकडे. ज्या दिवशी तोंड आणि शेपूट कमरेभोवती एकमेकांना मिळतील त्या दिवशी माणूस संपला. म्हणून तिने काव पाण्यात उगाळली आणि फोडांच्या दोन्ही टोकांपुढे लाल जाड रेघा ओढल्या. नागिणीने ती कुंपणे ओलांडायची नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून माणसे बघायला येऊ लागली. मी पडवीत उघड्या अंगाने कुशीवर पडलेलो, आणि येणारा जाणारा "आज कुठवर आली?" म्हणत वाकून पाही. शाळेत मुले नकाशावर काडीने नदी दाखवतात तशी कोणीतरी काडी धरून माझ्या अंगावरची हद्द दाखवी. मी चार बुके वाचलेला माणूस. तोंड-शेपटीवर माझा विश्वास नव्हता. तरी पांघरुणात मी स्वतःच बोटांनी मधले अंतर चाचपून बघत असे.

अनसूयेला तेव्हा सातवा महिना होता. आत्याला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि आमच्या खाडीकाठी ती लहानथोर सगळ्यांनाच ठाऊक आहे. पोटुशी बाईची सावली सापावर पडली की साप आंधळा होतो आणि जागच्या जागी पडून राहतो.

"मंग ही पन नागीनच की," आत्या म्हणाली. "आंधली झाली म्हंजे तिला शेपूट कशी गावंल?"

वहिनी म्हणाली, खरेच की, आपल्या घरात पोटुशी बाई असताना दुसरीकडे कशाला जायचे. दादाला ते पटले. अनसूया माझ्याकडे बघून ओठ दाबून हसली. मी नको म्हणालो नाही.

सकाळचे ऊन

रोज सकाळी पडवीत तिरपे ऊन आले की मी चटईवर उजव्या कुशीवर पडायचो. अनसूया उन्हाच्या आणि माझ्या मधे बसायची, तिची सावली माझ्या बरगडीवर पडेल अशी. ऊन सरकले की तीही सरकायची. फोड पाझरले की जुनी चिंधी काढून नवी तीच लावायची. कावेची रेघ पुसट झाली की तीच बोटाने गडद करायची. आत्याने हे काम तिच्यावरच सोपवले होते.

हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, पण आमच्या संसारातले ते सर्वांत चांगले दिवस होते. आमचे घर भरलेले. दादा आणि आत्या समोर असताना नवराबायकोने दिवसाउजेडी शेजारी बसायचे, बोलायचे, हा प्रकारच नव्हता. आता आत्याच ओरडून तिला माझ्याजवळ बसवत होती. मी पुस्तक वाचायचो आणि त्यात काय आहे ते तिला सांगायचो. ती बाळाचे दुपटे शिवायची. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण एखादी गोष्ट ऐकताना पुढे काय होणार ते ती आधीच सांगून मोकळी व्हायची.

कळ आली की मी अंग चोरायचो. तेव्हा ती सुईवरून नजर न काढता म्हणायची, "हलू नका. ती बघतेय."

"कोण?"

"नागीण. अजून एक डोळा उघडा आहे तिचा."

एकदा मी म्हणालो, तुला दिवसभर बसवून ठेवतात, कंबर धरत असेल, आत जा. तर म्हणाली, "असू दे. आमची सावली दोघांची आहे. लवकर काम होईल."

होळीच्या आसपास फोड सुकले. खपल्या धरल्या. तोंड आणि शेपूट कुठेच मिळाले नाहीत. आत्याने अनसूयेवरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि विहिरीवर बायकांना सांगत सुटली की या पोरीच्या सावलीने आमचा मास्तर राखला. अनसूया लाजून आत पळाली. ती दिसायला साधी होती, पण त्या दिवशी तिच्या तोंडावर जे होते ते मला अजून दिसते.

पाण्याचे थेंब

माझ्या खपल्या गळून पडत होत्या त्या सुमारास तिला कणकण आली. पाठ दुखते म्हणाली. दुसऱ्या दिवशी छातीवर आणि पोटावर गुलाबी ठिपके दिसले आणि संध्याकाळपर्यंत त्या ठिपक्यांवर पाणी भरले. ओला हात झटकल्यावर अंगावर थेंब उडावेत तसे ते दिसत होते.

सगळ्यांच्या मनात देवीची भीती उभी राहिली. आत्याने दिवा जवळ धरून तिचे तळहात पाहिले, तळपाय पाहिले. दोन्ही स्वच्छ. मग केसांत बोटे घालून पाहिले. तिथे फोड होते. दंडावर देवी टोचल्याची जुनी खूण होती.

"देवी न्हाय," आत्या म्हणाली आणि खाली बसली. "कांजन्या हायेत. पोरांचा दुखना."

ती बरोबर होती. फरक सांगतो. देवीचे फोड तोंडावर आणि हातापायांवर जास्त येतात, तळव्यांवरही येतात. हाताला ते कातडीखाली दाणा रुतल्यासारखे कठीण लागतात, आणि एका जागचे सगळे एकाच वयाचे असतात. कांजिण्या पोटाछातीवर आणि पाठीवर जास्त. त्यांची कातडी पातळ, नख लागले तरी फुटणारी. आणि त्या लाटांनी येतात. जुन्या खपली धरत असतात तेव्हा शेजारीच नवा ठिपका उमटतो. एकाच वीतभर जागेत ठिपका, थेंब आणि खपली तिन्ही दिसली तर त्या कांजिण्या. देवीची टोचणी त्यांना अडवत नाही.

देवी नाही म्हटल्यावर आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. वहिनीने दारावर कडुलिंबाची डहाळी बांधली. घरात फोडणी बंद झाली. अंगणातून परक्याला परत पाठवू लागले. आत्या म्हणाली, पाहुणी आली आहे, तिचा मान ठेवायचा, औषधबिवषध काढून तिला रागवायचे नाही. मी वाद घातला नाही. माझ्याकडच्या आरोग्याच्या पुस्तकातही कांजिण्या हा लहान मुलांचा सौम्य आजार असल्याचेच छापले होते. आत्याचे आणि पुस्तकाचे एकमत पाहून मला बरे वाटले.

अनसूया लहानपणी एकटी वाढली होती. तिचा बाप मिठागराच्या पार टोकाला राखणदार होता आणि त्यांच्या झोपडीच्या आसपास दुसरे घर नव्हते. गावातल्या पोरांना जी दुखणी येऊन जातात ती तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. हे आम्हाला माहीत होते. त्याचा काही अर्थ असेल असे कोणाच्या मनात आले नाही.

फोड वाढत गेले. पापण्यांवर आले, तोंडात आले. पेज गिळवेना. मोठ्या माणसाला कांजिण्या जडच जातात, म्हणून आम्ही धीर धरला. मग कोरडा खोकला सुरू झाला आणि तिला दम लागू लागला. आधी उठताना, मग नुसते बोलताना. आडवे पडवेना म्हणून ती भिंतीला टेकून बसू लागली.

वहिनीला चार मुले झालेली. ती म्हणाली, "दिवस भरत आल्यात. पोर वर चढलंय, दम लागनारच."

आम्ही सगळ्यांनी ते मानले. म्हणून पुढची ओळ मी ठळक अक्षरात लिहितो. कांजिण्या झालेल्या बाईला, आणि ती पोटुशी असेल तर विशेषच, दम लागला तर तो पोटाच्या ओझ्याचा समजू नका. कोणाचे ऐकत बसू नका. डॉक्टरकडे न्या.

सकाळी उजेडात तिचे ओठ जांभळे दिसले तेव्हा आत्याच म्हणाली, "हिला ने कुटंतरी."

भरतीची वाट

तोंडभर फोड असलेल्या बाईला गाडीत कोणी बसू दिले नसते. देवी समजून पहिल्याच स्टेशनावर उतरवले असते. दादाने मीठ वाहायची शिडाची होडी, मचवा, काढायचे ठरवले. खाडीने घोडबंदरावरून ठाणे. पण मचव्याला भरती हवी होती आणि पाणी अजून उतरत होते.

आम्ही बंदरावर बसून राहिलो. अनसूया गवताच्या भाऱ्याला टेकून, मी तिच्या पाठीला हात लावून. दादा चिखलात रोवलेल्या खुंटाकडे एकटक बघत होता. तो आयुष्यभर पाण्याच्या वेळेवर चाललेला माणूस. पाण्यावर चिडताना मी त्याला तेव्हाच पाहिले. पाणी वळले तसे त्याने तिला उचलून आत ठेवले.

घोडबंदर मागे पडले, वरसाव्याची झाडी आली. डोक्यावर ऊन होते. शिडाची सावली दुसऱ्या कडेला पडत होती. अनसूयेने डोळे किलकिले करून मला खूण केली. मी कान तोंडाजवळ नेला.

"आता तुम्ही पाडा की सावली. ऊन लागतंय."

मी उन्हाच्या आड उभा राहिलो. मचवा हलायचा तसा मीही सरकत राहिलो. ठाण्याला पोचेपर्यंत मी बसलो नाही.

इस्पितळाची पडवी

तिला वेगळ्या खोलीत ठेवले, सांसर्गिक रोग्यांच्या. मला आत सोडत नव्हते. पडवीत एक बाक होता आणि खिडकीला जाळी. जाळीतून तिचा पलंग दिसायचा. सकाळी परिचारिका लाल औषधाच्या पाण्याने तिचे अंग टिपून घ्यायची, दुपारी चमच्याने दूध पाजायची, संध्याकाळी खिडकी ओढून घ्यायची. ती बाई फार बोलत नसे. पण जाताना रोज माझ्याकडे वळून सांगायची, "आज थोडं दूध गेलं," किंवा "आज नाही गेलं." त्या दोन वाक्यांवर माझा दिवस ठरायचा.

तिथल्या प्रौढ डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले की कांजिण्या फुप्फुसात उतरल्या आहेत. त्यावर थेट औषध नाही. अंगातली ताकद आणि नशीब. मग त्यांनी विचारले, घरात किंवा शेजारी कोणाला कांजिण्या होत्या का. मी म्हणालो, नाही. गावात कुठे? ऐकण्यात नाही.

"कोणाला नागीण?"

मी सदरा वर केला. कुशीवर ताजे व्रण होते आणि दोन्ही टोकांना कावेचा पुसट रंग. त्यांनी वाकून पाहिले.

"शुश्रूषा कोण करत होतं?"

मी सांगितले. सावलीचेही सांगितले. वाटले होते, हसतील. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. मग सावकाश म्हणाले, नागीण आणि कांजिण्या यांचे बी एकच असावे असे काही डॉक्टर मानतात. सगळ्यांना ते पटलेले नाही. पण त्यांनी स्वतः काही घरांत हे पाहिले होते. म्हाताऱ्याला नागीण निघते आणि थोड्या दिवसांनी नातवंडांना कांजिण्या येतात. ज्याला कांजिण्या कधी आल्या नाहीत त्याला नागिणीच्या फोडांपासून त्या येऊ शकतात. आणि लहानपणी आलेल्या कांजिण्यांचे बी अंगात झोपून राहून पुढे नागीण म्हणून उठते, असेही काहींना वाटते. तोंड आणि शेपूट मिळण्याची गोष्ट त्यांनी एका वाक्यात संपवली. नागीण एका मज्जातंतूच्या वाटेने जाते आणि ती वाट अंगाच्या मध्यावर संपते.

म्हणजे आम्ही जिथे रोज बोटे ठेवून मोजत होतो तिथे भीती नव्हतीच.

"हे तुम्ही मुद्दाम केलेलं नाही," ते म्हणाले. "पण आता कळलंय, तर लोकांना सांगत जा. नागीण झालेल्या माणसाजवळ पोटुशी बाई बसवू नका म्हणावं."

मूल वेळेआधी झाले. मुलगी. परिचारिकेने तिला फडक्यात गुंडाळून पलंगापासून लांब, दारापाशी धरली, अनसूयेला दिसेल अशी. अनसूयेने मान वळवून पाहिले. नंतर परिचारिकेने मला सांगितले की तिने एवढेच विचारले, "रडली का?" आणि रडली म्हटल्यावर डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी बाकावर होतो. जाळीतून मला परिचारिकेची पाठ दिसली, आणि ती बराच वेळ वळली नाही, त्यावरून मी समजलो.

मुलीच्या मांडीवर आणि पाठीवर दोन-चार बारीक फोड आले आणि आपोआप सुकले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावले. दुपटे घरीच राहिले होते. दादाने तिला आपल्या मुंडाशात गुंडाळून आणले.

घरी

आत्याने मुलीला पदरात घेतले आणि म्हणाली, "माज्या सावलीवालीला नेलं रं." तेवढे एकच म्हणाली. चुलीपुढे बसली की बसून राहायची. मुलीला मात्र तिने वाढवले. शेजारच्या लेकुरवाळीचे दूध, मग शेळीचे. नाव कुसुम ठेवले. ते अनसूयेने ठरवलेले होते.

डॉक्टरांनी सांगायला सांगितले होते. मी शाळेत मुलांना सांगितले, कांजिण्या आलेल्या घरी पोटुशा बायांनी जाऊ नये. नागिणीचा शब्द मात्र माझ्या तोंडून निघाला नाही. तो काढला असता तर विहिरीपर्यंत पोचला असता आणि विहिरीवरून आत्यापर्यंत. ज्या बाईने मला वाचवायला अनसूयेला तिथे बसवले तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मी म्हणायचो, आत्या गेल्यावर सांगेन. दरम्यान आत्याला नागीण उतरवायची बोलावणी येतच होती. ती काव घेऊन जायची, आणि ती परत येईपर्यंत माझे वाचनात लक्ष लागत नसे. त्या घरात कोण कोण आहे, याचा विचार मी करत राहायचो.

कुसुम

लढाई संपली. कुसुम चालायला, बोलायला लागली होती. एक दिवस उजव्या काखेत हात घालून उचलले की ती किंचाळू लागली. डाव्या बाजूने धरले तर काही नाही. वहिनी म्हणाली, काहीतरी चावले असेल. कातडीवर काहीच नव्हते. मी कोणाला बोललो नाही. रोज तिचे झबले काढून उजेडात बघत राहिलो.

मग पाठीवरून काखेखाली लाल पट्टा उठला आणि त्यावर शितांसारखे फोड, घोसाने. कण्यापाशी थांबलेले. दुसरी बाजू कोरी.

आत्याची नजर अधू झाली होती. तिने तोंड अगदी जवळ नेऊन पाहिले. "नागीन? येवड्या पोरीला?" एवढ्या लहान मुलाला नागीण झालेली तिने कधी पाहिली नव्हती. मला मात्र डॉक्टरांचे ते झोपलेले बी आठवले, आणि जन्मताच हिच्या अंगावर येऊन गेलेले फोड. ते बी आईकडूनच तिच्याकडे आले होते.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "गंगे, ये गो. पोरीजवल बस जरा."

गंगा ही दादाची नवी सून. जवळच्या डोंगरी गावची पोर, पहिलटकरीण, पोट दिसू लागलेले. ती पदराला हात पुसत बाहेर आली. मी मधल्या दारात आडवा उभा राहिलो.

"गंगा, तू तिथेच थांब. तुला कांजिण्या येऊन गेल्यात का?"

"ठाव न्हाय, काका."

"तिला काय ईचारतोस?" आत्या म्हणाली. "नुसती सावली पाडायची हाय. तुज्या वक्ताला कशी..."

मी दारातून हललो नाही. दुसरे काहीतरी सांगता आले असते. गंगेला आज बरे नाही, तिला उष्टे काढायचे आहे, काहीही. त्या दिवसापुरते भागले असते. पण उद्या आत्या दुसऱ्या घरी काव घेऊन गेली असती आणि तिथे कोणीतरी गंगा उभी असती.

"आत्या," मी म्हणालो, "अनसूयेला कांजिण्या माझ्या नागिणीपासून आल्या. डॉक्टरांनी सांगितलं."

तिने माझ्याकडे पाहिले. तिला मी नीट दिसत होतो की नाही कोण जाणे.

"बसन्यातनं? उनात बसायची त्यातनं?"

"हो."

"तुला कवापासून ठाव हाय?"

"ठाण्यापासून."

ती रडली नाही. भिंत धरून उभी राहिली. मग गंगेला म्हणाली, "तुजं लुगडं बांद. खपल्या पडंस्तवर आयशीकडं जा." गंगा गोंधळून माझ्याकडे बघू लागली, तेव्हा आत्याने स्वतः आत जाऊन तिचे गाठोडे बांधले. दादाने त्याच दुपारी बैलगाडी जोडून तिला डोंगरीला पोचवले. तिला पुढे काही झाले नाही. मुलगा झाला.

संध्याकाळी आत्या माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. माझ्या पुस्तकांजवळ ती कधी यायची नाही. म्हणाली, "तू लिवतोस ना? ह्ये पन लिव. माजं नाव आलं तरी येऊ दे." तेव्हापासून तिला कोणी नागिणीला बोलावले की ती उंबऱ्याबाहेरूनच विचारते, घरात पोटुशी कोण आहे, आणि तिला शेजारी पाठवल्याशिवाय काव उगाळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत ऊन आले. मी चटई टाकली, त्यावर अनसूयेने शिवलेले दुपटे आणि त्यावर कुसुमला डाव्या कुशीवर निजवले. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होते. आत्या खांबाला धरून लांबच उभी होती.

"मला येऊन गेल्यात," ती म्हणाली. "कांजन्या. ल्हानपनी."

"माहीत आहे."

थोड्या वेळाने तिने विचारले, "मंग माजी सावली चालंल ना रं?"

"चालेल, आत्या."

ती आली आणि उन्हाच्या आणि कुसुमच्या मधे बसली. ऊन सरकले तशी तीही सरकली.